एकतीस दारांचं कारण

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही वही ताईने दिली. म्हणाली, "कोणाच्या अंगावर धावून जावंसं वाटलं की आधी यात लिही. वही फाटली तरी चालेल, नोकरी फाटायला नको." नोकरी भावोजींनी शब्द टाकून लावून दिलेली आहे, त्यामुळे मी चिडलो की घाम ताईला फुटतो.

कॉलेज तिसऱ्या वर्षी सोडलं. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "तुमच्या घरी कोणी शिकलेलं आहे का?" मी नकाशांची गुंडाळी त्यांच्या टेबलावर आपटली आणि बाहेर पडलो. परत गेलोच नाही. तेव्हा फार शूर वाटलं होतं. पुढचे आठ महिने बाबा माझ्याशी ताईमार्फत बोलत होते, एकाच खोलीत बसून.

आता काम असं. इमारत उभी राहायच्या आधी तिला काय काय लागणार हे एका सॉफ्टवेअरमध्ये लिहून ठेवायचं. सध्या एक मोठं हॉस्पिटल चालू आहे. त्यातल्या प्रत्येक वस्तूचा एक तक्ता असतो: खोली, दार, बेसिन, दिव्याचं बटणसुद्धा. तक्त्यात काही रकाने सक्तीचे. दाराची रुंदी भरल्याशिवाय ते पुढे सरकूच देत नाही. बाकीचे ऐच्छिक, भरा नाहीतर सोडा. कुठल्या वस्तूला कुठले ऐच्छिक रकाने द्यायचे, कुठले लपवायचे, कुठले काढायचे, हे मी बघतो. साहेब म्हणतात, हे काम करायला डोकं थंड लागतं. भावोजींनी माझ्याबद्दल त्यांना नक्की काय सांगितलं होतं कोण जाणे.

आणि ती. ती आर्किटेक्ट आहे, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, सगळे तक्ते शेवटी तिच्याकडून तपासून जातात. ती मला 'तू' म्हणते. मी अजून 'तुम्ही'वरच आहे. 'तू'वर यायचा मुहूर्त सापडत नाही. आज तिने माझ्या टेबलावरचा स्टेपलर नेला आणि आणून दिला नाही. मी मागितलाही नाही. राहू दे तिच्याकडे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

हॉस्पिटलच्या बाजूने एक इंजिनिअर येतो. उंची अशी की आमच्या ऑफिसात पंख्याखालून जाताना मान खाली घालतो. मी मनात त्याला उंट म्हणतो. आज आल्या आल्या खुर्ची ओढून तिच्या टेबलाशीच बसला. अर्ध्या तासाने मला हाक मारली.

"दाराच्या तक्त्यात एक ऐच्छिक रकाना हवाय. दार कुठल्या बाजूला उघडावं आणि का. सगळ्यांना नको, जिथे गरज आहे तिथे आमच्या मोठ्या सिस्टर भरतील."

"सहाशे चाळीस दारं आहेत," मी म्हटलं.

"म्हणून तर ऐच्छिक. तुझ्यासारखा." आणि ती हसली. फार नाही. पण हसली.

रकाना करून दिला. दुपारी मोठ्या सिस्टर आल्या. हॉस्पिटलात त्यांची तेहतीस वर्षं झाली, याच वर्षी निवृत्त होणार. कुठे क्लिक करायचं ते मी दाखवलं. त्यांनी पर्समधून कागद काढून पायऱ्या लिहून घेतल्या: एक, दोन, तीन. "बाळ, चुकून काही पुसलं तर?" म्हणाल्या. मी म्हटलं, "तुमच्याकडून काही पुसलं जाणारच नाही सिस्टर, तो अधिकार फक्त माझ्याकडे आहे." ऐटीत म्हटलं, कारण ती ऐकत होती.

बुधवार, १२ फेब्रुवारी

उंट परत. आता मला नावच पडलंय. "काय ऐच्छिक, चहा घेणार की सोडणार?" सगळं ऑफिस हसलं. मी लिफ्टपाशी जाऊन भिंतीला लाथ मारली. भिंतीला काही झालं नाही. अंगठा काळानिळा झालाय.

सिस्टर रोज येऊन कोपऱ्यातल्या संगणकावर एका बोटाने टाइप करत असतात. मधेच थांबतात, चष्मा काढतात, खिडकीबाहेर बघतात, परत घालतात. एका रकान्याला एवढा वेळ?

गुरुवार, १३ फेब्रुवारी

साहेब म्हणाले, तक्ता छापला की चार पानं होतात, निम्मे रकाने रिकामे, कंत्राटदार वैतागलेत. ऐच्छिक रकान्यांची छाटणी कर. नियम: पाच टक्क्यांपेक्षा कमी भरलेला रकाना लपवायचा. कायमचा काढायचा असेल तर ज्याने मागितला त्याला आधी फोन करायचा. लपवलेला परत आणता येतो, काढलेल्यातला मजकूर जातो.

अठरा रकाने लपवले. एकोणिसावा उंटाचा. सहाशे चाळीसपैकी एकतीस दारं भरलेली, म्हणजे पाच टक्क्यांच्या आत. त्या वेळी तो तिच्या टेबलापाशी उभा होता आणि फोनवर तिला काहीतरी दाखवत होता, आणि ती हनुवटीखाली हात घेऊन बघत होती.

मी 'लपवा' नाही दाबलं. 'काढा' दाबलं. सॉफ्टवेअरने विचारलं: या रकान्यात ३१ नोंदी आहेत, तरीही काढायचा? मी 'हो' दाबलं. त्याला विचारलं नाही. आत काय लिहिलंय ते वाचलं नाही.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, आत्ता लिहितानाही बरं वाटतंय.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

उंटाची दुसऱ्या गावच्या कामावर बदली झाली. जाताना मला पेन देऊन गेला, चांगलं आहे. दारांची यादी मागच्या आठवड्यातच कारखान्यात गेली. ती आज निळ्या कुडत्यात होती. मी तिला म्हटलं, "निळा." ती म्हणाली, "काय निळा?" मी म्हटलं, "काही नाही." दिवसभर स्वतःच्या थोबाडीत मारत होतो.

गुरुवार, ६ मार्च

दुपारी फोन वाजला, मीच उचलला. मोठ्या सिस्टर. बांधकामावर एक नमुना खोली तयार केली आहे, पलंग, बेसिन, बाथरूम सगळं खरं, पसंत पडलं की बाकीच्या खोल्याही तशाच पुऱ्या करायच्या. त्या बघायला गेल्या होत्या.

"बाळ, बाथरूमचं दार आत उघडतंय रे. मी बाहेर लिहिलं होतं."

मी म्हटलं, "बघतो, सिस्टर."

बघायचं काय होतं? मला फोन ठेवायच्या आधीच माहीत होतं. पण उद्या बैठक आहे, उद्या काय ते कळेल. एका दाराचं काय एवढं.

शुक्रवार, ७ मार्च

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

बैठकीला साहेब, ती, मी, मोठ्या सिस्टर आणि त्यांच्या हॉस्पिटलचे अधीक्षक. सिस्टर म्हणाल्या, मी एकतीस दारांना लिहिलं होतं. साहेबांनी भिंतीवर तक्ता लावला. रकानाच नाही. साहेब आवाज न चढवता म्हणाले, "सिस्टर, इथे लिहायला जागाच नाही. तुम्ही दुसरीकडे कुठे, कागदावर वगैरे लिहिलं असेल."

"नाही हो. इथेच. मी एकेका दाराला..."

अधीक्षक हसून म्हणाले, "होतं असं. आमच्या सिस्टर परवा कपाटाची किल्ली हातात घेऊन किल्ली शोधत होत्या." दोघे हसले. सिस्टरही हसल्या, जरा उशिराने. मग माझ्याकडे वळल्या.

"तू सांग ना बाळ. तूच दाखवलं होतंस ना मला, कुठे लिहायचं ते?"

त्यांच्या हातात तो पायऱ्यांचा कागद होता. एक, दोन, तीन.

मी म्हटलं, "मला नक्की आठवत नाही, सिस्टर."

त्यांनी कागदाकडे पाहिलं. मग घडी घालून पर्समध्ये ठेवला. म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकलं असेल." असं ठरलं की सोमवारी अकरा वाजता त्या पत्रावर सही करतील: दारांची गरज आमच्याकडून वेळेत कळवली गेली नाही.

त्या ओरडल्या असत्या तर मीही ओरडलो असतो, ते मला जमतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

एक गोष्ट लिहायचीच राहिली, आणि आजची खरी गोष्ट तीच आहे. ऑफिस सुटायच्या वेळी ती माझ्या टेबलापाशी आली. बराच वेळ स्वतःच्या संगणकासमोर एकटी बसून होती, डोळे लाल झालेले.

"तुला मला काही सांगायचंय?"

मी म्हटलं, "क... कशाबद्दल?"

"तुला माहीत आहे कशाबद्दल. तूच बोलावंस असं मला वाटतं. मी सोमवारपर्यंत थांबते. मग मात्र मला बोलावं लागेल."

म्हणजे मी नाही बोललो तर ती स्वतः बोलणार! बसमधून दोन थांबे पुढे गेलो आणि कळलंच नाही.

रविवार, ९ मार्च

शर्टाला स्वतः इस्त्री केली. ताई दारात उभी राहून बघत होती. "कोणाचं लग्न आहे?" मी कॉलरवर पाणी शिंपडलं. "शुक्रवारपासून जेवत नाहीयेस, आणि इस्त्री करतोयस. दोन्ही एकदम कसं?" मी म्हटलं, "तुला नाही कळायचं." म्हणाली, "बरं बाबा. वहीला तरी सांग."

सिस्टरांचा चेहरा दोनदा आठवला. दोन्ही वेळा मी तिचा आठवून घालवला.

सोमवार, १० मार्च

साडेदहा वाजता तिला जिन्यात गाठलं, पाण्याच्या पिंपाजवळ. पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हटलं, "तू मला पहिल्या दिवसापासून आवडतेस. 'तू' म्हटलं त्याबद्दल माफ कर. पण आता 'तू'च म्हणणार."

तिने ग्लास खाली ठेवला. "हे सांगायचं होतं?"

"हो."

"एवढंच?"

"एवढंच काय, माझं सगळं आयुष्य..."

तिने माझ्या मनगटाला धरलं. मला वाटलं, झालं, जिंकलो. तशीच ओढत तिने मला तिच्या टेबलाशी नेलं आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. कोणी काय बदललं त्याची यादी. तेरा फेब्रुवारी, दुपारी चार वाजून बारा मिनिटं, माझं नाव, रकाना काढला, नोंदी एकतीस. मला वाटायचं ही यादी कोणालाच दिसत नाही.

"बैठकीत खात्री नव्हती म्हणून गप्प बसले, शुक्रवारी संध्याकाळी बघितलं मी हे. तीन दिवस साहेबांना बोलले नाही. तू स्वतः सांगशील असं वाटलं म्हणून. आणि तू इस्त्री करून आलास."

मग मी काय केलं, तर ओरडलो. "तू माझ्यावर पाळत ठेवतेस काय!" सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. मी निघालो, जिना उतरलो, रस्ता ओलांडला, समोरच्या न्हाव्याच्या दुकानाबाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. तीच चाल, जी कॉलेजमध्ये होती. आपटायचं आणि बाहेर पडायचं. न्हाव्याने विचारलं, दाढी का? मी म्हटलं, नाही. म्हणाला, मग बाकावर जागा अडवू नका.

अकराला पाच कमी असताना सिस्टर रिक्षातून उतरताना दिसल्या. पर्स छातीशी धरलेली. दाराशी थांबल्या, पर्स उघडून काहीतरी बघितलं, बंद केली, परत उघडून बघितलं. असं तीनदा. मग आत गेल्या.

मी अकरा वाजून दहा मिनिटांनी वर गेलो. दहा मिनिटं मी कशात घालवली हे मला सांगता येणार नाही.

पत्रावर सही झालेली होती. सिस्टर पेनाचं टोपण लावत होत्या. ती खुर्चीतून उठून उभी होती, बोलायला तोंड उघडलेलं. मी दारातूनच म्हटलं, "सिस्टर, तो रकाना होता. मीच काढला. तुम्ही लिहिलं होतं. शुक्रवारी मी खोटं बोललो."

आणखी अर्ध्या मिनिटाने आलो असतो तर तिनेच सांगितलं असतं. त्यामुळे मी सांगितलं की मला सांगावं लागलं, हे मला अजून ठरवता येत नाही.

साहेबांनी आधी अधीक्षकांकडे बघितलं, मग मला विचारलं, "का काढलास?" मी खरं कारण सांगितलं. उंट, हसणं, सगळं. तिच्यासमोर, अधीक्षकांसमोर. कारण एवढं फालतू होतं की ते मोठ्याने म्हणताना मलाच ते दुसऱ्या कोणाचं तरी असावं असं वाटलं. ती खिडकीकडे बघत होती.

साहेबांनी पत्र फाडायला हात पुढे केला. सिस्टरांनी ते आधीच उचललं. चार घड्या घालून पर्समध्ये ठेवलं.

"हे माझ्याकडे राहू दे," त्या म्हणाल्या. "तीन दिवस मला वाटत होतं माझं डोकं चाललं. घरातून निघताना गॅस बंद केला का ते तीन तीनदा बघते आहे. लेकीला सांगितलं, मला डॉक्टरकडे घेऊन चल."

मग मला म्हणाल्या, "काढायच्या आधी वाचलं होतंस, काय लिहिलंय ते?"

"नाही."

"उद्या नऊ वाजता नमुना खोलीत ये."

दुपारी सॉफ्टवेअरच्या कंपनीला फोन केला. जुनी प्रत ते तीनच आठवडे ठेवतात. तेरा फेब्रुवारीची प्रत गुरुवारी संध्याकाळी पुसली गेली. गुरुवारी दुपारी मी सिस्टरांना "बघतो" म्हणालो होतो.

मंगळवार, ११ मार्च

नमुना खोलीत रंगाचा वास होता. पलंगावर प्लास्टिक. सिस्टर म्हणाल्या, "बाथरूममध्ये जा. दार लोट. आता खाली पड, दाराला पाठ लावून. अंग सैल सोड. पडलेला माणूस आपणहून बाजूला होत नाही, तूही व्हायचं नाहीस."

मी पडलो. फरशी गार होती. त्यांनी बाहेरून ढकललं. दाराची कड खांद्यात आणि कमरेत रुतली. चार बोटांएवढी फट पडली, त्याहून नाही. त्यांनी परत ढकललं. दुखलं.

"बाबा, ऐकू येतंय का?" त्यांचा आवाज बदललेला. मी कोणी दुसराच होतो. "बाबा, मी आहे इथे. सुतार येतोय. बोलत राहा माझ्याशी."

फटीतून त्यांची बोटं आत आली आणि माझा दंड चाचपायला लागली. नाडी शोधत असाव्यात. मनगट लांब होतं, पोचत नव्हतं. मला वाटलं आता म्हणतील ऊठ. म्हणाल्या नाहीत. किती वेळ, माहीत नाही. बोटं तिथेच होती.

मग म्हणाल्या, "चाळीस मिनिटं लागली होती त्या दिवशी. पंचवीस मिनिटं ते बोलत होते. ऊठ आता."

मी उठलो. तोंड धुवायला बेसिन होतं, पण नळाला अजून पाणी जोडलेलं नव्हतं.

बाहेर पलंगाच्या कडेला आम्ही बसलो. त्या म्हणाल्या, "एकतीस दारांना एकच वाक्य लिहून चाललं असतं. मलाही कळतं तेवढं. पण तेहतीस वर्षांत 'का' असं कोणी विचारलंच नव्हतं. तुझ्या त्या चौकोनात विचारलं होतं. म्हणून मी एकेका दाराला एकेक माणूस लिहिला."

शुक्रवार, १४ मार्च

साहेबांनी माझे अधिकार काढले. दारं बदलून होईपर्यंत ठेवणार, पुढचं पुढे. भावोजींना मीच सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मी शब्द टाकला होता रे," आणि पेपर वाचत बसले. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटत नव्हते. बाबांना ताईने सांगितलं. बाबांनी या वेळी मला थेट विचारलं, "त्या बाईंची माफी मागितलीस?" मी हो म्हटलं. म्हणाले, "उभ्याने की बसून?" मी म्हटलं, झोपून. त्यांना कळलं नाही, आणि मला सांगता आलं नाही.

उंटाचा फोन आला. एकतीसपैकी अठरा चौकटी भिंतीत बसल्यात, बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला कशा घ्यायच्या ते त्याने तिथून फोनवर सुताराला समजावलंय. मागे दोन लहान मुलं एकदम रडत होती. "जुळी आहेत," म्हणाला, "तुमच्या मॅडमना फोटो दाखवत असायचो ना, तीच." मग म्हणाला, "ऐच्छिक, बोललास ते बरं केलंस." मी फोन ठेवला आणि त्याच्या पेनाकडे बघत बसलो. याच पेनाने लिहितोय.

बुधवार, १९ मार्च

रकाना परत केलाय, माझ्या हाताने नाही, तिच्या. मी तिला 'तुम्ही' म्हणतो. ती मला हवं तेवढंच बोलते. स्टेपलर आज माझ्या टेबलावर परत आला होता.

तीन दिवस सिस्टर सांगतात आणि मी टाइप करतो. तेवढीच परवानगी आहे. दुसरा मजला, सातवं दार: मिलमधले आजोबा, चाळीस मिनिटं. तिसरा मजला, दुसरं दार: बाळंतीण, चक्कर आली, वय एकोणीस, दाराचं तावदान फोडून काढली, वाचली, मुलीचं नाव सिस्टरांच्या नावावरून ठेवलं. चौथा मजला, पहिलं दार: शाळेतले शिपाई, आतून म्हणत होते की मला लाज वाटते, बायकांना बाजूला करा. हे टाइप करताना माझी बोटं थांबली. सिस्टर म्हणाल्या, "लिही. हेही कारणच आहे."

दर वेळी त्या चष्मा काढतात, खिडकीबाहेर बघतात, परत घालतात.

आज दुपारी एकोणतीस झाली. उरली दोन: तिसरा मजला, नववं दार. चौथा मजला, पाचवं दार. सिस्टरांनी चष्मा काढला. डोळे मिटले. बोटांवर काहीतरी मोजलं.

"नाही रे आठवत. लिहिताना आठवलं होतं. त्या खुर्चीत बसले होते तेव्हा अगदी समोर होते दोघं."

मी म्हटलं, "उद्या आठवेल, सिस्टर."

"आठवेल," त्या म्हणाल्या. पर्स उघडली, आत बघितलं, बंद केली.

त्या गेल्यावर दोन्ही दारांसमोर 'बाहेर' एवढंच भरलं. कारणाची जागा रिकामी ठेवून 'जतन करा' दाबलं. ऐच्छिक रकाना आहे. सॉफ्टवेअरने काही विचारलं नाही.